आठ बसलेल्या, चार पळणाऱ्या: खो-खोचा मोबाईल गेम घरच्या खर्चात कसा करावा

धाराशिवला माझा कॉम्प्युटरचा क्लास आहे. सकाळी टायपिंग, दुपारी टॅली आणि एक्सेल, संध्याकाळी सहानंतर मशीन माझी. त्या सहानंतरच्या वेळेत दहा महिने बसून मी खो-खोचा एक छोटा मोबाईल गेम केला. शाळेत असताना मी खो-खो खेळायचे, जिल्ह्याच्या पुढं कधी गेले नाही. गेम करायला ते पुरलं. कसा केला, आणि कुठं पैसे वाया घालवले, ते सांगते. तुम्हाला कबड्डीचा, विटीदांडूचा, कुस्तीचा करायचा असेल तरी हिशेब हाच.

सुरुवात करण्याआधी मोठ्या गेम कंपन्यांचा पैसा कुठं जातो ते बघून घ्या, म्हणजे आपण कुठं घालायचा नाही ते कळतं. ब्रिटनच्या स्पर्धा नियामकानं 2023 मध्ये मोठ्या गेम कंपन्यांना खर्च विचारला होता. आधी 5 ते 15 कोटी डॉलरमध्ये होणारे गेम आता 20 कोटी डॉलर आणि त्याच्या वर गेलेत, असं उत्तर आलं. खेळांच्या गेममध्ये याशिवाय नावांचं भाडं असतं. क्लबचं, लीगचं, मैदानाचं, खेळाडूच्या चेहऱ्याचं. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा गेम 2013 नंतर याच भांडणात बंद पडला, कारण चेहरे पोरांचे आणि पोरांना दमडी नाही. 2024 ला तो परत आला तेव्हा प्रत्येक खेळाडूला 600 डॉलर आणि गेमची एक प्रत दिली. दहा हजारांहून जास्त पोरं होती. म्हणजे पहिली ओळ लिहायच्या आधी साठ लाख डॉलर.

मग हा खर्च वसूल कसा करायचा? 2020 मध्ये बास्केटबॉलच्या एनबीए 2के21 नं साठ डॉलरचा भाव सत्तर केला आणि बाकीचेही त्याच वाटेनं गेले. कोनामीनं 2021 मध्ये आपला फुटबॉल गेम फुकट करून टाकला आणि कमाई आतल्या खरेदीवर नेली. क्रिकेटचं तर आपल्या सगळ्यांना माहीतच आहे. ईए कंपनीचा शेवटचा मोठा क्रिकेट गेम 2006 च्या नोव्हेंबरात आला, क्रिकेट 07, आणि आमच्या क्लासच्या एका जुन्या मशीनवर तो अजून आहे. लोक त्यात नवीन जर्सी, नवीन संघ स्वतःच घालत बसतात. एवढ्या क्रिकेटवेड्या देशासाठी ती कंपनी परत आली नाही, तर खो-खोसाठी कोण येणार? कुणीच नाही. म्हणूनच ही जागा आपली आहे.

माझा भाचा दरवर्षी फुटबॉलचा नवा गेम मागतो. त्याचा जुना आणि नवा मी शेजारी-शेजारी लावून बघितले. गवत जरा हिरवं, संघ नवे, बाकी तेच. तो म्हणाला, "आत्या, तुला नाही कळायचं." असेल बाई.

पहिलं काम: कॉम्प्युटर बंद ठेवा आणि खेळाचे नियम कागदावर उतरवा. कुठला नियम तुमचं काम वाचवतो ते शोधा. माझ्या बाबतीत इथंच अर्धी लढाई जिंकली. 2021 च्या फिफा 22 या फुटबॉल गेमसाठी 22 फुटबॉलपटूंना सेन्सरचे सूट घालून अख्खा सामना खेळवला होता, कारण फुटबॉलमध्ये बावीसच्या बावीस हलत असतात. खो-खोत आठ जणी मधल्या पाटीवर बसलेल्या असतात, एक आड एक उलट तोंड करून. पाठलाग करणारी एक, आणि पुढं पळणारे तीन गडी. एका वेळी फक्त चार जणी हलतात! शिवाय पाठलाग करणारीनं एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत वळायचं नाही, मधली पाटी ओलांडायची नाही. म्हणजे तिला चालवायला एक अंगठा पुरे. दुसऱ्या अंगठ्याला एकच बटण, खो.

अजून गंमत सांगते. खो-खोचं मैदान 27 बाय 16 मीटर. मोबाईलचा आडवा पडदा जुना असेल तर 16 बाय 9, म्हणजे जवळपास त्याच मापाचा. नवे फोन 20 बाय 9, त्यात दोन्ही बाजूंना जागा उरते, तिथं वेळ, गुण आणि बटण. अख्खं मैदान पडद्यावर बसतं, कॅमेरा हलवायचं कामच नाही. आता हिशेब करा: 720 पिक्सेल, म्हणजे ठिपके, उंचीच्या पडद्यावर 16 मीटर, म्हणजे मीटरला 45 पिक्सेल. खेळाडू सत्तर-बहात्तर पिक्सेलची. तिचं डोकं दहा पिक्सेलचं.

दहा पिक्सेलमध्ये नाक-डोळे काय काढणार! हा गुणाकार मी उशिरा केला. त्याआधी एकाकडून 14 हजार रुपये देऊन थ्रीडी खेळाडू करून घेतल्या होत्या. पोरगं कामाला चांगलं होतं, वेण्या सुद्धा एकेक केसासकट केल्या होत्या. माझ्या फोनवर गेम सेकंदाला बारा फ्रेमनं रखडत चालला आणि वेणी काही कुणाला दिसली नाही. चूक माझी. ते पैसे मी घरी अजून नीट सांगितलेले नाहीत.

सॉफ्टवेअरला एक रुपया घालू नका. गेम बनवायला गोडो नावाचं सॉफ्टवेअर घ्या, फुकट आहे, इन्स्टॉलही करावं लागत नाही, झिप उघडली की चालतं. आत रेंडरर, म्हणजे पडद्यावर चित्र उमटवणारा भाग, निवडताना कम्पॅटिबिलिटी घ्या, म्हणजे स्वस्तातल्या फोनवरही चालेल. चित्रांसाठी क्रिटा, आवाजासाठी ऑडॅसिटी. अँड्रॉइडसाठी वेगळे भाग उतरवावे लागतात आणि ते जड असतात, रात्री लावून झोपा. आमच्याकडं लाईट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून रोज उठताना फोल्डरची एक कॉपी पेनड्राइव्हवर. ॲपची सहीची फाइल, म्हणजे कीस्टोअर, तिची तर दोन ठिकाणी.

हालचाली काढायला मैदानावर जा. शाळेच्या मैदानावर मी मुलींचा सराव फोनच्या स्लो मोशनमध्ये घेतला, त्यांच्या सरांना आणि घरच्यांना आधी विचारून. मग एकेक फ्रेम थांबवून त्यावरून रेघा ओढल्या. पळण्याला आठ चित्रं, उठण्याला पाच. उठण्याची पाच काढायला मला पळण्याच्या आठापेक्षा दुप्पट दिवस लागले. मला वाटायचं, खो मिळाला की मुलगी आधी उभी राहते आणि मग पळते. व्हिडिओत बघते तर तसं काही नाही. टाच आधीच उचललेली असते, खांदा फिरतो, आणि पहिलं पाऊल पडतं तेव्हा ती अजून अर्धी वाकलेलीच असते. पूर्ण सरळ होते ती तिसऱ्या पावलाला. शाळेत मी वर्षानुवर्षं हे केलं होतं आणि मला ते माहीत नव्हतं. जुन्या चित्रात ती आधी सरळ उभी राहायची, म्हणून गेम ढिम्म वाटत होता. दोन चित्रं बदलली आणि त्यात जीव आला.

आता आवाज. खो-खोत पाठीवरचा हात आणि तोंडातला "खो" एकदमच व्हायला हवा. माझ्या पहिल्या आवृत्तीत तो उशिरा यायचा. मैदानावरच्या मुलींनी खेळून बघितलं आणि एकीनं तोंडावर सांगितलं, "मॅडम, पंच फाऊल देतील." मी आठवडाभर कोड तपासत बसले. दोष फाइलमध्ये निघाला: आवाज एमपी3 मध्ये साठवला होता, आणि त्या प्रकारात सुरुवातीला थोडी शांतता आपोआप चिकटते. छोटे आवाज डब्ल्यूएव्हीमध्येच ठेवा, ऑडॅसिटीत मोठं करून बघा आणि आधीची शांतता कापा. एकच "खो" शंभरदा ऐकला की कान किटतात, तेव्हा चार-पाच वेगवेगळे घ्या.

पळणारे गडी फोननं चालवायचे असतात, तिथं नवशिक्या एकच चूक करतात: गेम अवघड करायचा म्हणून गड्याचा वेग वाढवतात. खेळणाऱ्याला लगेच कळतं की लबाडी चाललीय. वेग तोच ठेवा, गड्याला उशिरा दिसू द्या. माझ्याकडं सोप्या पातळीवर गड्याला पाठलाग करणारीची दिशा 0.6 सेकंदांनी कळते, अवघडवर 0.3. एवढ्यानंच साखळीतून, म्हणजे बसलेल्यांच्या मधून नागमोडी, पळणारी एक नवखी वाटते आणि दुसरी मुरलेली.

नावांबद्दल एक गोष्ट ठामपणे सांगते. आमच्या जिल्ह्याच्या सारिका काळे यांना 2020 ला अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला. त्यांची नावं, फोटो गेममध्ये टाकायचा मोह होतो. टाकू नका. त्यांच्या चेहऱ्यावर त्यांचा हक्क आहे, आणि मोठ्या कंपन्या ज्या खड्ड्यात पैसे ओततात तो हाच. लीगचं बोधचिन्ह नको, जर्सीची नक्कल नको. मी तालुके घेतले: धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा, वाशी. आठ तालुके, आठ संघ. गावाच्या नावाला कुणी भाडं मागत नाही, आणि परंड्याचा माणूस परंडाच घेऊन खेळतो.

प्ले स्टोअरला एकदाच 25 डॉलर भरावे लागतात. नवीन वैयक्तिक खातं असेल तर आधी बारा जणांकडून सलग चौदा दिवस चाचणी करून घ्यावी लागते. सोळा-सतरा जण घ्या, मध्येच कुणीतरी बाहेर पडतंच. मी नातेवाईक घेतले नाहीत, ते "छान आहे" म्हणून मोकळे होतात. मैदानावरच्या मुलींचे पालक, क्लासची पोरं आणि एक रिटायर झालेले पंच घेतले. पंचांनी पहिल्याच दिवशी नऊ मिनिटांच्या डावाला चुका लिहून पाठवल्या, अकरा. त्यातल्या दहा बरोबर होत्या.

पैसे मिळाले का, हे सगळे विचारतात. जाहिराती लावल्या नाहीत अजून. खर्च सांगते: ते बुडालेले 14 हजार सोडले तर प्ले स्टोअरची फी आणि मुलींच्या चहा-पोह्याचे मिळून चार हजारांच्या आत.

चाचणीच्या शेवटच्या आठवड्यात एक मुलगी क्लासवर आली. तिची तक्रार: गेममधली कायम डावा पाय आधी टाकते, आणि ती स्वतः उजवा. मला वाटलं सोपं आहे, चित्र आरशासारखं उलटवायचं, गोडोत एक टिचकी. उलटवलं तर पाठीवरचा 7 आकडाही उलटा झाला. मग आकडा चित्रातून पुसला आणि वेगळा थर करून वर बसवला. त्याला दोन संध्याकाळी गेल्या. तेव्हा तुम्ही पहिल्या दिवसापासूनच आकडा वेगळा ठेवा.