लेहची हाफ मॅरेथॉन: पुण्याचं टायमिंग सोबत नेऊ नका

जुलै उजाडला की आमच्या रनिंग ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो. "पुण्यात माझी हाफ मॅरेथॉन दोन तास पाच मिनिटांची आहे, सप्टेंबरात लेहला किती लागतील?" खाली कोणीतरी लगेच ठोकतो, "वीस टक्के वाढव." झालं, चर्चा संपली. पहिल्या वेळी मीही असाच हिशेब केला होता. माझे १:५७, त्यावर वीस टक्के, म्हणजे २:२०. हा आकडा पेनने मनगटावर लिहून धावलो आणि आलो २:४१ ला. लेहमध्ये घाम अंगावर टिकतच नाही, त्यामुळे तो आकडा शेवटपर्यंत स्पष्ट वाचता येत होता, हे वेगळं दुःख.

वीस टक्के हा आकडा हवेतून आलेला नाही. लेहच्या हवेतही ऑक्सिजन २१ टक्केच असतो. कमी असतो तो हवेचा दाब, समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश. म्हणजे तेवढ्याच श्वासात हाती कमी लागतं. ढोबळ नियम असा की, १,५०० मीटरच्या वर दर १०० मीटरला शरीराची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता सुमारे एक टक्क्याने घटते. लेहचा बाजार ३,५०० मीटरच्या आसपास, म्हणजे वीसच्या घरात. पण ही क्षमतेतली घट आहे, वेळेतली वाढ नव्हे. १९६८ चं मेक्सिको ऑलिंपिक २,२४० मीटरवर झालं. तिथे केनियाच्या नफ्ताली टेमूने १०,००० मीटरचं सुवर्ण २९:२७.४ वेळेत घेतलं, तर रॉन क्लार्कचा तेव्हाचा विश्वविक्रम २७:३९.४ होता. पावणेदोन मिनिटांहून जास्त फरक. त्यात डावपेचांचा भाग असेलच, पण लांब पल्ल्याला उंची कशी भोवते ते दिसतं. तिथेच विरळ हवेत बॉब बीमनने ८.९० मीटर लांब उडी मारली. आपण मात्र उडी मारायला जात नाही.

माझा आताचा अंदाज असा: आठ-दहा दिवस आधी पोचून नीट जुळवून घेतलेल्याला १५ टक्के, घाईत आलेल्याला २० किंवा जास्त. २:०५ वाल्याने २:२४ ते २:३० धरावं, आणि तेही फक्त उंचीचं. चढ वेगळा.

चढाचा हिशेब उंचीत मिसळणं

माझे २:४१ इथेच गेले. मार्गाचा तपशील बदलू शकतो, पण भूगोल बदलत नाही: लेह गाव वर आहे, सिंधू खाली. विमानतळ ३,२५६ मीटरवर, म्हणजे बाजारापेक्षा सुमारे अडीचशे मीटर खाली. नदीकडे उतरलात की शेवटी ते सगळं परत चढायचं असतं. मी सुरुवातीच्या उतारावर ५:५० च्या पेसने (किलोमीटरला ५ मिनिटं ५० सेकंद) सुटलो, खूश होतो. शेवटच्या चढावर नऊ मिनिटांचा किलोमीटर पडत होता आणि बाजूने शाळकरी लडाखी मुलं गप्पा मारत पुढे जात होती. मैदानी भागात जास्त जोर लावला तर दोन मिनिटं हळू धावून दम परत येतो. तिथे तो येत नाही, निदान शर्यत संपेपर्यंत तरी नाही. म्हणून पहिल्या निम्म्यात एकच कसोटी: एका दमात पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. दोन शब्दांवर वाक्य तुटायला लागलं की वेग जास्त आहे, उतार असला तरी. घड्याळातले हार्ट रेट झोन (नाडीच्या ठोक्यांवरून ठरवलेले मेहनतीचे टप्पे) पुण्याचे असतात. उंचीवर विश्रांतीची नाडी वाढते आणि कमाल नाडी थोडी खाली येते, त्यामुळे ते झोन तिथे फसवतात.

उलटं गणित चुकवणं

परत आल्यावरची ही लाडकी चूक. लेहला २:३० आले, वीस टक्के वजा केले, म्हणजे खाली दोन तास! मिठाई वाटायच्या आधी पेन घ्या. १५० मिनिटांतून वीस टक्के काढले तर १२० राहतात, पण १२० वर वीस टक्के वाढवले तर १४४ च होतात. वजाबाकी नाही, भागाकार करायचा: १५० भागिले १.२ म्हणजे १२५, अर्थात २:०५. सहज पाच मिनिटांची फुकटची कमाई होत होती. शिवाय १.२ ऐवजी १.१५ ने भागलं तर २:१० येतात. हा फरक कोणताही कॅल्क्युलेटर तुम्हाला सांगत नाही, तो एकच आकडा सेकंदासकट दाखवतो.

सिंहगडावर तयारी झाली असं समजणं

दर रविवारी सिंहगड करा, पाय लोखंडी होतील. साताऱ्याची घाटातली हाफ करा, चढाची भीती जाईल. पण सिंहगड १,३०० मीटरच्या जरा वर आणि कळसूबाई १,६४६. रक्ताला आणि फुप्फुसाला याची दखलही घ्यावी लागत नाही. ते तोंडाला बांधायचे 'अल्टिट्यूड' मास्कही हवेतला ऑक्सिजन कमी करत नाहीत, फक्त श्वास घेणं अवघड करतात. त्या पैशांत लेहमध्ये आणखी दोन रात्री राहा.

जाण्याची घाई

मुंबईहून निघून दुपारपर्यंत लेहमध्ये असणारा माणूस पहिले ४८ तास फक्त झोपायला आणि पाणी प्यायला आलेला असतो. पहिल्याच संध्याकाळी "हलका तीन किलोमीटर" करू नये. काहीजण रस्त्याने गेलं की आपोआप सवय होते म्हणून मनालीमार्गे जातात, पण त्या रस्त्यावर सरचूचा मुक्काम सुमारे ४,३०० मीटरवर पडतो, लेहहूनही वर. श्रीनगर-कारगिलमार्गे चढण त्यामानाने सौम्य आहे. डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळण्याची गोळी) घ्यायची की नाही हे डॉक्टरला विचारा, ग्रुपला नाही. हिमोग्लोबिन आणि फेरिटिनही (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची खूण) दोन-तीन महिने आधी तपासा. लोहाची कमतरता आठवड्यात भरत नाही.

पाण्याचं थोडक्यात: हवा कोरडी, श्वासावाटे पाणी जातं, लघवी वाढते, घाम दिसत नाही. तहानेची वाट पाहू नका, पण घटाघटा लिटरभर पिऊही नका.

डोकेदुखी आणि मळमळ पहिल्या दिवशी बहुतेकांना थोडी होते. ती वाढत असेल तर शर्यत विसरा. बसल्या जागी धाप, सतत खोकला, चालताना तोल जाणं यांपैकी काहीही दिसलं तर त्याच क्षणी रुग्णालय आणि खाली उतरण्याची सोय. सोबत्याला एकटं खोलीत झोपू देऊ नका.

परत आल्यावर लगेच पुण्यात पीबी (आपली आजवरची सर्वोत्तम वेळ) होईल ही आशाही फार ठेवू नका. तेवढ्या मुक्कामात तांबड्या पेशी फारशा वाढत नाहीत, त्याला आठवडे लागतात. माझं लेहचं प्रमाणपत्र कपाटात आहे, २:४१ छापलेलं. मुंबईच्या शर्यतीच्या फॉर्मला मी पुण्याचंच जोडतो.