जुनं घर पाडताय? डबराच्या (पाडकामाच्या राड्यारोड्याच्या) या चुका टाळा

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतलं आमचं जुनं घर पाडलं तेव्हा पहिल्याच दिवशी डायरेक्ट जेसीबी लावला, तिथंच सगळं गंडलं. भिंती मातीत बांधलेल्या, हातानं सोडवल्या असत्या तर निम्म्याअधिक विटा आख्ख्या निघाल्या असत्या, सागवानी तुळया, कौलं, शहाबादी फरशी यालाही गिऱ्हाईक असतंय, पण तासाभरात सगळ्याचा काला झाला आणि वर तोच काला उचलायला ट्रॉलीमागं पैसे मोजले. म्हणून आधी माणसं लावून लाकूड, कौलं, वायरी उतरवा, जेसीबी शेवटी.

ढीग पण एकच करू नका. काँक्रीट वेगळं, विटा-गिलावा वेगळा, माती वेगळी आणि लोखंड-लाकूड-प्लास्टिक वेगळं, केंद्राच्या 2016 च्या पाडकाम-कचऱ्याच्या नियमात मोठ्या कामांना हेच सांगितलं होतं. पीओपी तर अजिबात मिसळू देऊ नका, त्यातलं सल्फेट सिमेंटला खातं.

आता आमचा दुसरा शहाणपणा. डबर नव्या घराच्या प्लिंथमध्येच (जोत्यात) भरला, खर्च वाचला म्हणून खूश. ढेकळं तशीच ढकललेली, दोन पावसाळ्यात हॉलची फरशी बसली, पाय ठेवला की पोकळ आवाज. वरनं ग्राउट (पातळ सिमेंट) भरून काही होत नाही, करून बघितलंय. फरशी काढून भराव उकरला, ढेकळं फोडली, वीतभर जाडीचे थर देत प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मस केलं (ठोकून दाबलं), मग कोबा (काँक्रीटचा थर), तेव्हा कुठं थांबलं. आणि असला हातानं फोडलेला डबर स्लॅबच्या काँक्रीटमध्ये घालायच्या भानगडीत पडू नका, खडी-वाळूच्या आयएस 383 या भारतीय मानकात एम25 (काँक्रीटच्या ताकदीची प्रत) पर्यंतच्या आरसीसीला 20 टक्के रिसायकल खडी चालते, पण ती प्लांटमधली, टेस्ट केलेली.

रात्री ट्रॉली ओढ्यात रिकामी करणाऱ्यांना काय बोलायचं, 2019 आणि 2021 चा महापूर बघूनसुद्धा जयंती नाल्याची वाट अडवायची म्हणजे कमाल आहे.

नवीन बांधकामातही कचरा होतोच. गवंडी सकाळीच ढीगभर सिमेंटचा माल कालवून ठेवतो, मग चहा, मग तंबाखू, तोवर माल आवळतो आणि परत पाणी मारून वापरतात नाहीतर फेकतात. दोन तासात संपेल एवढाच कालवायला सांगा. सळी 12 मीटरची येते, साडेतीन मीटरचे तीन तुकडे काढले की दीड मीटर उरतो, तो लिंटेलला (दारखिडकीवरच्या तुळईला) नाहीतर चेअरला (वरच्या सळ्या उचलून धरणाऱ्या टेकूला) बसेल का हे कटर चालवायच्या आधी कागदावर मांडा, आमचे तुकडे भंगारात गेले.