ट्विन्सबर्ग ते बेल्विडिअर: मोटारीच्या सुट्या भागांचे डबे मॉडेल रेल्वेवर कसे चालवावेत

मॉडेल रेल्वेत मोटारीच्या सुट्या भागांचे लांब डबे आणायचे असतील, तर डबा विकत घेण्याआधी कारखान्याचा मालधक्का आखायला घ्या. धक्क्याला दारं किती, कुठल्या दारामागे काय काम चालतं, तिथे कोणता माल लागतो, हे एकदा ठरलं की डबा कोणता, कुठल्या कंपनीचा, गाडीत कुठे जोडायचा, हे सगळं त्यातून निघत जातं. अमेरिकेत हे डबे दोन ठरलेल्या दारांमध्ये वर्षानुवर्षं ये-जा करत. मॉडेलवरही ते तसेच चालवले तर त्यांच्यात जीव येतो.

माझी उमेदीची वर्षं प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून मोटारीचे भाग काढणाऱ्या विभागात गेली. आधी चिंचवडला, मग मिशिगनमध्ये. फेंडर, दाराचं पॅनेल, छप्पर, बॉनेट अशा भागांचे डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारे साचे, करायचे हे माझं काम. डायमधून निघालेला फेंडर हातात घेतला की दोन गोष्टी कळतात: तो वजनाला हलका असतो आणि जागा प्रचंड खातो. एकावर एक रचावा तर चरे पडतात, वाकतो, आणि वाकलेला फेंडर रंगवून झाल्यावर जास्तच डोळ्यात भरतो. म्हणून प्रत्येक भागासाठी लोखंडी सांगाडा बनवतात. त्याला सगळे रॅक म्हणतात. एका रॅकमध्ये ठरावीक भाग ठरावीक खाचांतच बसतात. असे रॅक भरून पाठवायचे तर डब्यात जागा हवी, भारक्षमता फार नको. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात ८६ फुटी उंच डबे आले ते याचसाठी. आतली जागा सुमारे १०,००० घनफूट, रुळापासून उंची १७ फूट. एवढा अवाढव्य डबा असूनही त्याखाली बहुधा ७० टनी बोगी आणि ३३ इंची चाकं असत. इंजिन, गिअरबॉक्स, अ‍ॅक्सल असा जड माल ६० फुटी डब्यांतून जाई. मॉडेल निवडताना हा भेद पक्का लक्षात ठेवा. इंजिनांच्या कारखान्यापुढे ८६ फुटी डब्यांची रांग लावू नका.

त्याआधीचा काळ निवडायचा असेल तर चित्र वेगळं आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी आणि नंतरही अख्ख्या मोटारी रुंद दारांच्या ४० आणि ५० फुटी बंद डब्यांतून जात. मोटार तिरकी उचलून धरणारी इव्हान्स ऑटो-लोडर ही यंत्रणा ज्या डब्यात बसवलेली असे, त्याच्या उजव्या दारावर आडवा पांढरा पट्टा असे. १९६० च्या सुमारास उघडे बहुमजली डबे आले, तयार मोटारी त्यांत चढल्या, आणि बंद डब्यांकडे राहिले सुटे भाग.

मी १९७८ चा शरद ऋतू धरला आहे. क्रायस्लरचा ओहायोतला ट्विन्सबर्ग स्टॅम्पिंग कारखाना (पत्र्याचे भाग दाबून काढणारा) पॅनेल पाठवतो आणि इलिनॉयमधला बेल्विडिअर जुळणी कारखाना ती घेतो, अशी माझ्या मांडणीची कल्पना. ट्विन्सबर्ग १९५७ ला सुरू झाला, २०१० ला बंद पडला. बेल्विडिअर १९६५ चा. १९७८ मॉडेलवर्षाच्या डॉज ओम्नी आणि प्लिमथ होरायझन या छोट्या गाड्या तिथेच बनत. ट्विन्सबर्गहून शिकागोपर्यंत कॉनरेल ही रेल्वे कंपनी, पुढे बेल्विडिअरपर्यंत शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्न. तुम्ही तुमची जोडी निवडा: फोर्डसाठी बफेलो किंवा शिकागो हाइट्सचा स्टॅम्पिंग कारखाना, जनरल मोटर्ससाठी ओहायोतलं मॅन्सफिल्ड किंवा इंडियानातलं मॅरियन. एक उगम, एक मुक्काम, एक साल. तीनच गोष्टी, पण कागदावर लिहून काढा.

आता डबा. ८६ फुटी डबे दोन जातींचे दिसतात. चार दारांच्या डब्याला दर बाजूला मधोमध दारांची एक जोडी असते, आठ दारांच्या डब्याला दर बाजूला दोन जोड्या. जनरल मोटर्सच्या कामात आठ दारांचे जास्त, फोर्ड आणि क्रायस्लरच्या कामात मुख्यतः चार दारांचे. मॉडेल बनवणाऱ्या अ‍ॅथर्न कंपनीने एचओ मापात दोन्ही काढले आहेत. टँजंट या दुसऱ्या कंपनीचा ग्रीनव्हिल घडणीचा डबा फार देखणा आहे, पण महाग. सुरुवात अ‍ॅथर्नच्या जुन्या किटपासून केलीत तरी काही बिघडत नाही. शिड्या आणि दांडे जाड वाटले तर तासून काढा आणि पितळी तारेचे बसवा. तेवढ्या बदलाने डबा लगेच वेगळा दिसतो.

एचओ म्हणजे १:८७. कोथरूडच्या जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयात गाड्या पाहिल्या असतील तर हे माप तुमच्या नजरेत आहेच. या मापात ८६ फूट म्हणजे साधारण ३०० मिमी आणि १७ फूट म्हणजे जेमतेम ६० मिमी. वरवर सोपं वाटतं, पण खरी अडचण वळणावर येते. १८ इंच त्रिज्येच्या वळणावर हा डबा पोटाने आत झुकतो, टोकाने बाहेर जातो आणि शेजारच्या छोट्या डब्याला रुळावरून ओढून काढतो. माझा सल्ला: २४ इंच किमान, ३० इंच मिळालं तर उत्तम. उलटसुलट वळणांच्या मध्ये निदान एका डब्याएवढा, म्हणजे ३०० मिमी सरळ रूळ ठेवा. शेजारी-शेजारी दोन वळणदार मार्ग असतील तर दोन्हींवर एकेक लांब डबा उभा करून हाताने ढकलून पाहा, घासतात का. बोगदा, पूल, सिग्नलचा खांब यांखालून तसाच डबा न्या. खऱ्या रेल्वेतही या डब्यांना काही बोगदे बंद होते, मार्ग वळवून न्यावे लागत. टोकांचा वरचा भाग पांढरा रंगवलेला आणि त्यावर ‘एक्सेस हाइट कार’ असं लिहिलेलं दिसतं ते याचसाठी. यार्डातल्या माणसाला लांबून कळावं की हा सगळीकडून जाणारा डबा नाही. तुमच्या मॉडेलवर तो पांढरा पट्टा नसेल तर आधी तो रंगवा.

वजनाचं गणित अमेरिकन मॉडेल रेल्वे संघटनेच्या शिफारशीनुसार करा: एचओसाठी मूळ १ औंस आणि लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस. १२ इंची डब्याला ७ औंस, म्हणजे २०० ग्रॅमच्या आसपास. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. वजन तळाशी, बोगींच्या वर, दोन्ही टोकांना सारखं चिकटवा. छताला चिकटवलंत तर डबा वळणावर डोलतो. मग बोगींचे स्क्रू: एक एवढा सैल ठेवा की बोगी सगळीकडे हलेल, दुसरा एवढाच घट्ट की बोगी फिरेल पण डब्याला आडवं डोलू देणार नाही. तीन टेकूंवर उभं असल्यासारखा डबा वाकड्यातिकड्या रुळावरही चारही चाकजोड्या टेकवून चालतो. चाकं धातूची घ्या आणि दोन चाकांमधलं अंतर गेजने तपासा. कपलिंग केडी कंपनीचं, लांब दांड्याचं वापरा आणि त्याची उंची केडीच्याच मापकाने पाहा. खऱ्या डब्यांना धक्का शोषणारी सरकती कपलिंग असत, म्हणून त्यांचे दांडे लांबच दिसतात. मॉडेलला लांब दांडा शोभतो तो त्यामुळे. या सगळ्या तपासणीला एक सकाळ जाईल, पण ती वाचवू नका.

रंग आणि खुणांकडे आता सावकाश या, कारण साल इथे बोलतं. कॉनरेल १ एप्रिल १९७६ ला सुरू झाली. म्हणजे १९७८ मध्ये तिच्या डब्यांवर तिच्यात सामावलेल्या पेन सेंट्रल कंपनीचा हिरवा रंग सर्रास, आणि नवा तपकिरी मधूनमधून. माझ्या ताफ्यात हिरवे जास्त आहेत. रांगेत नॉरफोक अँड वेस्टर्न आणि डेट्रॉइट, टोलेडो अँड आयर्नटनचे डबेही ठेवा. ही डेट्रॉइटची छोटी कंपनी १९२० ते १९२९ खुद्द हेन्री फोर्डच्या मालकीची होती, आणि मोटारींच्या मालासाठीच ती ओळखली जाई. एकाच मार्गावर अनेक कंपन्यांचे डबे का, तर हा ताफा सामाईक असे. मार्गाचे जितके मैल ज्या कंपनीचे, त्या प्रमाणात तिने डबे पुरवायचे. म्हणून अंदाधुंद सतरा कंपन्या जमवू नका. मार्गावरच्या कंपन्या घ्या आणि जिचा मार्ग लांब तिचे डबे जास्त ठेवा.

डब्याच्या बाजूला रंगीत पट्ट्यांचं छोटं लेबल दिसतं ते डबा आपोआप वाचण्याच्या यंत्रणेचं. ती यंत्रणा १९६७ ला आली आणि १९७७ ला सोडून दिली गेली. लेबलं मात्र कुणी खरवडून काढली नाहीत. १९७८ ला ती असू द्या, पण मळलेली, अर्धी झिजलेली. त्याच वर्षी काळ्या चौकोनावर एक ठिपका आला. यू-१ जातीची ३३ इंची चाकं धोक्याची ठरली म्हणून सगळे डबे तपासले गेले: पिवळा ठिपका म्हणजे ती चाकं नाहीत, पांढरा म्हणजे आहेत आणि बदलायची आहेत. आपल्या डब्यांखाली ३३ इंची चाकंच असल्यामुळे ठिपका लागतोच. मी जवळजवळ सगळ्यांना पिवळा दिला आणि एकाला पांढरा. तो पांढरा ठिपक्याचा डबा दुरुस्तीच्या रुळावर उभा असतो, आणि पाहुण्यांना सगळ्यात आधी तोच दाखवावासा वाटतो. २००५ नंतरचा काळ असेल तर ठिपका-लेबल विसरा. त्याऐवजी बाजूंच्या तळाशी चकाकणारे पिवळे किंवा पांढरे पट्टे लावा.

मळवताना हात आखडता ठेवा. खडूची पूड आणि पातळ जलरंग पुरे. गंज दाराच्या सळ्यांच्या तळाशी आणि बोगींवर. दाराच्या उंबऱ्याला फोर्कलिफ्टच्या टायरचे काळे डाग आणि रॅक घासल्याच्या चमकत्या रेघा. हे डाग बाकीच्या बंद डब्यांवर इतके नसतात, पण इथे रोजची चढ-उतर आहे. शेवटी मॅट वार्निशचा एक हात.

धक्का बांधताना मी भिंतीचा पुढचा भाग कापून काढला, आत काम चाललेलं दिसावं म्हणून. जुळणी कारखान्यात डबे बरेचदा छताखाली, इमारतीच्या आतच येतात. दोन रूळ, मध्ये फलाट, आणि प्रत्येक थांब्याला क्रमांक. थांब्यांमधलं अंतर कपलिंगसकट डबा मोजून ठरवा, म्हणजे तो मावतो. डब्याचं दार जिथे येईल तिथे फलाटाच्या कडेला बारीक पिवळी रेघ ओढा. शंटिंग करणाऱ्याने डबा त्या रेघेवर आणायचा. दार अडीच मिलिमीटर चुकलं तर खऱ्या धक्क्यावर ते सुमारे नऊ इंच, आणि फोर्कलिफ्टवाल्याची चिडचिड ठरलेली. रॅक बनवायला प्लास्टिकच्या चौकोनी काड्या किंवा पातळ पितळी तार घ्या. आठ फुटी रॅक सुमारे २८ मिमी लांब होतो. त्यात पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचे वाकवलेले तुकडे उभे लावा, करड्या प्रायमरसारख्या रंगाचे. काही रॅक रिकामेच ठेवा, आणि ते धक्क्यावर रचून ठेवा. रिकामे रॅक नसतील तर खेळ अर्धा राहतो.

कारण परतीच्या फेरीतही डबा रिकामा जात नाही. पॅनेल उतरली की तेच रॅक दुमडून किंवा रचून त्याच डब्यात चढतात आणि स्टॅम्पिंग कारखान्याकडे परत जातात. रॅक वेळेवर पोचले नाहीत तर तिथे प्रेसमधून निघालेला माल ठेवायला जागाच उरत नाही. म्हणून प्रत्येक डब्यासाठी एक कार्ड करा. पुढच्या बाजूला लिहा: ‘दाराची पॅनेल, ट्विन्सबर्ग ते बेल्विडिअर, थांबा ३’. मागच्या बाजूला: ‘रिकामे रॅक, बेल्विडिअर ते ट्विन्सबर्ग’. कार्ड उलटायचं, एवढंच. थांबा क्रमांक सोडू नका, कारण दाराची पॅनेल ज्या दारामागे लागतात तिथेच ती उतरली पाहिजेत. छप्परं त्या दारी आली तर फोर्कलिफ्टला अख्खा कारखाना ओलांडावा लागेल.

खेळायला बसाल तेव्हा पाळ्या ठरवा. एका पाळीत दोन थांबे रिकामे करायचे आणि भरायचे, तेही बाकीच्या थांब्यांवर उभ्या डब्यांना परत जागेवर आणून. पहिल्या थांब्यापासचा डबा काढायचा तर पुढचे दोन आधी बाहेर ओढावे लागतात, आणि मग ते पुन्हा रेघेवर नेमके उभे करायचे. इथेच लांब डब्यांचा खरा कस लागतो. शंटिंगच्या मार्गाची लांबी इंजिन अधिक तीन डबे, म्हणजे निदान १२०० मिमी ठेवा, नाहीतर सांध्यापलीकडे डबा जाणारच नाही. पुण्यात खोली लहान असेल तर दोनच थांबे बांधा, पण हा मार्ग कापू नका.

मुख्य मार्गावरच्या गाडीत हे डबे एकत्र, इंजिनाच्या मागे जोडा. मध्येच ४० फुटी डबा घालू नका. लांब डबा लांब डब्याशी नीट वळतो. शिकागोला कॉनरेलकडून नॉर्थ वेस्टर्नकडे गट तसाच्या तसा हवाली करायचा, म्हणून माझ्या मांडणीत तिथे एक रूळ फक्त याच गटासाठी राखून ठेवला आहे आणि त्यावर दुसरं काहीही उभं करायला मी कुणाला देत नाही. पाळी सुरू झाली आणि थांबा ३ चं कार्ड अजून शिकागोच्या कार्डांच्या खोक्यात असेल, तर बेल्विडिअरच्या धक्क्यावरचा लाल दिवा लावा आणि जो खेळतोय त्याला दुसरं काम थांबवून तो एकटा डबा घेऊन यायला सांगा.