एमएक्स-५ ची गळकी दारं: रबर बदलण्याआधी हे करा

माझी माझ्दा एमएक्स-५ १९९३ची आहे, कापडी टपाची. इंग्लंडमधल्या कव्हेंट्रीत घेतली आणि पहिल्याच हिवाळ्यात चालकाच्या पायाखालचा गालिचा पिळायची वेळ आली. जिथे दाखवली तिथे म्हणाले, दाराची सगळी रबरं गेलीत. बरेच पैसे मोजून नवी बसवून घेतली. पुढच्या पावसात गालिचा पुन्हा ओला. दोन शनिवार घालवून दार मीच उघडलं, तेव्हा कळलं की रबराचा यात फारसा दोषच नव्हता. तुमच्याकडे १९८९ ते १९९७ मधली ही गाडी असेल (अमेरिकेत मियाटा, जपानमध्ये युनोस), तर मी केला तो खर्च तुम्ही करू नये म्हणून हे लिहिते.

दारात पाणी शिरतंच, हे आधी मान्य करा. काचेवरून ओघळलेलं थोडं पाणी कडेच्या पट्टीतून आत उतरतं आणि दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. गाडी बनवणाऱ्याने तशीच सोय केलेली असते. भोकं मातीने बुजली की दाराची बादली होते. दार उघडून जरा हलवा. आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला तर तळाच्या भोकांत लाकडी काडी घाला. माझ्या दारातून तांबडा गाळ आणि जवळजवळ तांब्याभर पाणी निघालं. टोकदार लोखंडी तार नको, ती आतला रंग खरवडते आणि तिथूनच गंज धरतो.

सीटांच्या मागे, टप दुमडतो त्या खाचेत दोन्ही बाजूंना आणखी एकेक निचरा आहे. पानं आणि माती तिथेच अडकतात आणि पाणी दाराखालच्या उंबऱ्याच्या पत्र्यात मुरतं. तिथे मऊ प्लास्टिकची नळी हळूहळू सरकवा, मग पेलाभर पाणी ओता. मागच्या चाकाच्या पुढे ते खाली पडलं पाहिजे.

आता दाराचं पॅड, म्हणजे दाराचं आतल्या बाजूचं आच्छादन. बॅटरी डिकीत उजव्या हाताला आहे, तिची वायर सोडून मगच कामाला लागा. आतल्या हँडलच्या वाटीतला आणि दार ओढायच्या मुठीचे स्क्रू काढा. काच हँडल फिरवून वरखाली होणारी असेल तर त्या हँडलमागे इंग्रजी सी अक्षरासारखी चाप असते. सुती चिंधी हँडलमागे घालून तिची दोन्ही टोकं पुढेमागे ओढली की चाप सुटते. ती उडते, म्हणून तिच्यावर हात धरा. पॅड कडेने प्लास्टिकच्या खुंट्यांवर बसलेलं असतं. उचकटायची पट्टी प्रत्येक खुंटीच्या अगदी लगत घाला, कारण पॅडचा पुठ्ठा भिजून फुगलेला असला तर भोकाशीच फाटतो. सगळ्या खुंट्या सुटल्यावर पॅड वर उचलून काढा.

मागे प्लास्टिकचा कागद दिसेल. माझ्या गालिच्याचा खरा चोर हाच. स्पीकर बदलताना आधीच्या कुणीतरी तो कापला होता आणि दारातलं पाणी तिथून थेट पायाशी येत होतं. तो कागद कचरा समजून फेकू नका. फाटला असेल तर जाड पॉलिथिन त्याच आकारात कापा, कडेने काळ्या चिकट ब्यूटाइलची (रबरासारख्या मऊ चिकट पदार्थाची) दोरी दाबून बसवा आणि कागदाचं खालचं टोक दाराच्या आत वळवा, म्हणजे पाणी आतल्या आतच राहील. मला खर्च आला एका जेवणाइतका.

पॅड निघालंच आहे तर काचेकडे बघा. या गाडीची काच कण्हत कण्हत वर चढते, आणि पुष्कळ जण मोटर गेली समजून नवी आणतात. बहुतेक वेळा जुनं ग्रीस घट्ट झालेलं असतं, नाहीतर पट्टीवर सरकणारे प्लास्टिकचे बुश झिजलेले असतात. काच वर करून दाराच्या पत्र्याच्या वरच्या कडेला रुंद चिकटपट्टीने नीट बांधा, मगच तिचे बोल्ट सोडा. नाहीतर ती खाली दारात आपटते. काच सरकते ती पट्टी पुसून पांढरं लिथियम ग्रीस लावा. नुसता पातळ स्प्रे मारू नका, तो आहे ते ग्रीसही धुऊन नेतो. काचेच्या मशीनच्या तारेचा एक जरी धागा सुटला असेल तर अख्खी मशीन बदला. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला, आतल्या पत्र्याच्या कडा ब्लेडसारख्या असतात.

रबराची पाळी आता. दाराला वरची चौकट नाही, त्यामुळे काच रबरावर किती दाबून बसते यावर सगळं अवलंबून आहे. टप लावा, कागदाची पट्टी काच आणि रबर यांच्यामध्ये धरून दार बंद करा आणि ती ओढून पाहा. किंचित अडकत बाहेर यावी. सहज सुटली तर काच सैल आहे. काचेच्या मार्गिकेचं खालचं टोक जरा बाहेर सरकवलं की वरची कड आत झुकते. आधीची जागा मार्करने आखून ठेवा आणि एका वेळी मिलिमीटरभरच हलवा. फार आत झुकवली तर दार आपटून लावावं लागतं आणि नवं रबर फाटतं.

बिजागऱ्यांना हात लावण्यापूर्वी उंबरा तपासा. वर छप्पर नसल्याने गाडीचा भार दाराखालचा उंबरा पेलतो. जॅक लावल्यावर दार अडकायला लागलं किंवा मागची फट बदलली, तर बिजागरी सोडू नका, आधी वेल्डरकडे जा. दारच बदलायचं असेल तर भंगारातून घेताना खालची दुमड नखाने तपासा, फुगलेला रंग म्हणजे आत गंज. बिजागऱ्यांभोवती जुन्या जागेची रेघ आखून ठेवा आणि दार धरायला दुसरं माणूस घ्या.

मागची खिडकी प्लास्टिकची आहे. टप खाली करण्यापूर्वी तिची चेन उघडून ती सपाट पाडा. थंडीत तर हे टाळूच नका, घडीवर ती तडकते.

शेवटी पाण्याची परीक्षा. प्रेशरचा पाइप नको, झारी घ्या. मुलीला टॉर्च देऊन आत बसवते आणि मी बाहेरून पाणी ओतते: आधी दाराच्या तळाशी, मग काचेच्या पायथ्याशी, शेवटी वरच्या कोपऱ्यात, प्रत्येक जागी पाच-पाच मिनिटं. ती "आलं" म्हणाली की तिथेच थांबायचं आणि तेवढाच कोपरा पुन्हा जुळवायचा. माझ्या गाडीत आता फक्त डाव्या काचेच्या पुढच्या टोकाला एक थेंब येतो. या शनिवारी तिथली काच अर्धा मिलिमीटर आत घेणार आहे.