इंग्रजीतलं 'काम' म्हणजे नुसतं 'शांत' नाही, कुठे वापरायचं ते बघा

आधी उच्चार, कारण इथेच बरेच जण अडतात. स्पेलिंग सी ए एल एम, पण एल बोलायचा नाही, म्हणजे 'काल्म' नाही, सरळ 'काम', अगदी आपण 'काम झालं का' म्हणतो तसंच. पाम, हाफ, टॉक यांच्यातपण एल असाच गप्प बसतो. अमेरिकेत काही लोक तो एल थोडासा उच्चारतात, पण आपण सोडलेलाच बरा. आणि 'ये' म्हणायचं असेल तर तो 'कम', आखूड. सरावाला एक वाक्य देते, 'स्टे काम, हेल्प इज कमिंग', हे रोज पाच वेळा मोठ्याने म्हणा, फरक आपोआप जिभेवर बसतो.

आता अर्थ. डिक्शनरीत शांत लिहिलंय म्हणून आपण सगळीकडे काम टाकतो आणि तिथेच घोळ होतो, कारण मराठीतला 'शांत' एकटाच खूप गोष्टी सांभाळतो. 'मुलगी शांत आहे, फार बोलत नाही' यातला शांत म्हणजे क्वाएट. 'दुपारी गल्ली शांत असते' तिथेपण क्वाएट. पण 'एवढा गोंधळ चालू होता तरी डॉक्टर शांत होते' हा मात्र काम. मी शिकवताना एकच युक्ती सांगते, त्या जागी 'खवळला नाही' बसतंय का बघा. समुद्र खवळतो, माणूस खवळतो, जमाव खवळतो, म्हणून यांना काम लागतं. गल्ली काही खवळत नाही. आणि मुलीबद्दल तुम्हाला ती कमी बोलते एवढंच सांगायचंय, तिच्या रागाबद्दल नाही, म्हणून तिथे क्वाएट. दरवेळी शंभर टक्के चालेल असं नाही, पण बहुतेक वेळा चुकणार नाही. भरभर बोलणारा माणूससुद्धा काम असू शकतो, आणि तोंडातून शब्द न काढणारा आतून धुमसत असेल तर तो क्वाएट आहे, काम नाही!

हवेलापण हा शब्द लागतो. 1805 मध्ये फ्रान्सिस बोफर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने वाऱ्याचा जोर मोजायची पट्टी केली, तिच्यात शून्य नंबरला काम म्हणतात. म्हणजे धूर सरळ वर जातो आणि पाणी आरशासारखं, लाट नाही. वादळाआधीची शांतता म्हणतो ना आपण, ती इंग्रजीत 'द काम बिफोर द स्टॉर्म', इथे काम हे नाम झालं. आणि दंगलीनंतर आपल्या पेपरात 'तणावपूर्ण शांतता' येतं बघा, त्याला इंग्रजी पेपर 'अनीझी काम' लिहितात, मला ही जोडी फार आवडते, दोन्ही भाषांनी अगदी तेच पकडलंय.

रूपं सोपी आहेत, कामर, कामेस्ट, आणि शांतपणे म्हणायचं तर कामली, जसं 'शी आन्सर्ड कामली'.

'काम डाउन' मात्र जपून. घाबरलेल्या लहान मुलाला जवळ घेऊन म्हणालात तर ठीक, पण चिडलेल्या कस्टमरला किंवा साहेबांना म्हणालात तर ते 'उगाच आरडाओरडा करू नका' असं ऐकू येतं आणि माणूस अजून भडकतो. कॉल सेंटरला लागणाऱ्या मुलांना मी सांगते की तिथे 'आय अंडरस्टँड, लेट मी चेक' म्हणा. 'काम' हा शब्द स्वतःसाठी ठेवा, 'आय ॲम ट्रायिंग टू स्टे काम', हे कुणालाच लागत नाही.

अजून एक राहिलं. आपण 'दिवा शांत झाला' म्हणतो, घरातलं कुणी गेलं की 'आजी शांत झाली' म्हणतो. तिथे काम अजिबात वापरू नका, ऐकणाऱ्याला वाटेल आजींचा राग गेला. दिव्याला 'वेंट आउट', आणि आजींसाठी 'पास्ड अवे'.