रॅडक्लिफ आणि लुइस यांची तुलना करताना या चुका टाळा

ॲन रॅडक्लिफ आणि मॅथ्यू लुइस या अठराव्या शतकाच्या अखेरच्या इंग्रजी गॉथिक (भयप्रधान) कादंबरीकारांवरचे विद्यार्थ्यांचे निबंध तपासायला घेतले की एक वाक्य हमखास भेटतं: 'रॅडक्लिफ भुतांचा उलगडा करते, लुइसची भुतं खरी असतात.' म्हणजे तिच्याकडे भुताटकीमागे शेवटी साधंच कारण निघतं. वाक्य बरोबर आहे. पण ते पहिल्याच परिच्छेदात खर्ची पडलं की पुढची चार पानं नुसतं कथानक उतरवून भरली जातात.

असं अडलात तर भुतं बाजूला ठेवा, गुपित बघा. ते कोणापासून लपवलंय आणि किती वेळ?

रॅडक्लिफच्या 'द मिस्टरीज ऑफ युडॉल्फो'मधला (१७९४) काळा पडदा घ्या. नायिका एमिली तो उचलते आणि बेशुद्ध पडते. मागे काय होतं, ते रॅडक्लिफ सांगतच नाही. चार खंडांची कादंबरी संपत आल्यावर कळतं की ते किड्यांनी खाल्लेल्या प्रेताचं मेणाचं रूप होतं. घराण्यातल्या एका पूर्वजाला प्रायश्चित्त म्हणून रोज बघायला लावलेलं. इथे बरेच जण लिहितात, 'एमिलीला सत्य ठाऊक असतं, वाचकाला नसतं.' चूक. एमिलीही ते खरं प्रेतच समजते. पुन्हा एकदा नजर टाकायची हिंमत झाली असती, तर तिचा भ्रम तिथेच फिटला असता. म्हणजे अंधारात दोघं आहेत, पण वेगवेगळ्या.

लुइसच्या 'द मंक'मध्ये (१७९६) उलटं. मठातला रोझारियो म्हणजे बाईमाणूस, माटिल्डा, हे सुरुवातीलाच फुटतं. तिथून पुढे आपण मठाचा प्रमुख अँब्रोसिओ याच्या गुपितात सामील. बाहेरचं माद्रिद मात्र त्याला संत मानून प्रवचनाला गर्दी करतंय. इथली भीती पकडलं जाण्याची आहे. पण म्हणून 'लुइस काहीच लपवत नाही' असं ठोकून देऊ नका. अँब्रोसिओ जिच्यामागे लागतो त्या अँटोनियाची आई एल्विरा, तिला त्याचा आवाज ओळखीचा वाटतो, ही ओळ घाईत वाचणाऱ्याच्या हातून निसटते. पुढे तो तिचा खून करतो. ती त्याचीही आई होती आणि अँटोनिया बहीण, हे सैतान त्याला अगदी शेवटी सांगतो. लुइसने सर्वांत मोठं गुपित खुद्द पाप्यापासून लपवलंय.

'टेरर' आणि 'हॉरर' हा रॅडक्लिफचा भेदही जपून वापरा. पहिल्याने मन विस्तारतं, दुसऱ्याने गोठतं, असं तिचं म्हणणं. पण हा भेद मांडणारा तिचा निबंध छापला गेला १८२६ साली, तिच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी. लुइसने तो वाचून काही ठरवलं, असं लिहिलेलं मी पाहिलंय! आवृत्तीही तपासा, 'द मंक'ची १७९८ची चौथी आवृत्ती लुइसने स्वतःच कात्री लावून सोवळी केली होती.

आणि रॅडक्लिफ 'युडॉल्फो'वर थांबली नाही. 'द इटालियन' आली १७९७ साली, 'द मंक'नंतर. तुलनेला खरी जोडी हीच. त्यातला साधू स्केडोनी झोपलेल्या नायिकेवर, एलेनावर, खंजीर उगारतो. तेवढ्यात तिच्या गळ्यातलं छोटं चित्र दिसतं: त्याचं स्वतःचं. ही आपलीच मुलगी, असं समजून त्याचा हात थांबतो. हा प्रसंग अँब्रोसिओशेजारी ठेवून बघा. त्याला नातं माहीत नसतं, तो थांबत नाही. स्केडोनी थांबतो, तोही चुकीच्या समजुतीवर. एलेना त्याची मुलगी नसून पुतणी निघते.