जाहिरात बघून स्नीकर घ्यायला निघताना

मुलाने फोनवर रील दाखवून "हाच हवा" म्हटलं की निम्मी खरेदी तिथेच झालेली असते. उरलेली निम्मी दुकानात करायची: जोड पायाला बसतो का, सोल टिकेल का, आणि पैसे बुटाचे मोजतोय की जाहिरातीतल्या चेहऱ्याचे. इंदूरच्या राजवाड्याच्या गर्दीत घ्या नाहीतर मॉलच्या शोरूममध्ये, तपासणी तीच.

घरून निघण्याआधी ती जाहिरात एकदा आवाज बंद करून बघा आणि तिने बुटाबद्दल नेमकं काय सांगितलं ते कागदावर लिहा. बहुतेक वेळा कागद कोराच राहतो. १९९५ ची टफ शूजची जाहिरात आठवा. मिलिंद सोमण, मधू सप्रे हे मॉडेल, अंगावर अजगर आणि पायात बूट. अश्लीलतेचा खटला चालला, २००९ मध्ये निर्दोष सुटका झाली, जाहिरात आजही लोकांना आठवते. पण त्या बुटाचा सोल कसा होता हे विचारलं तर कोणी सांगू शकणार नाही. नाइकीच्या एअर जॉर्डन बुटाचंही तसंच. १९८५ च्या जाहिरातीत कॅमेरा बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डनच्या डोक्यापासून खाली सरकत पायांवर येतो आणि बुटांवर काळ्या पट्ट्या पडतात: एनबीएने, म्हणजे अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगने, बंदी घातलेला बूट. अभ्यासकांच्या मते बंदीच्या पत्राला कारण झालेला जोड बहुधा नाइकीचाच एअर शिप हा दुसरा बूट होता. जाहिरात म्हणून कमालीची हुशार, पण बुटाची माहिती शून्य. असं असेल तर रंग आणि ऐट यांसाठी किती द्यायचे ते घरीच ठरवा. हौसेला पैसे द्यायला हरकत नाही, आकडा मात्र आधी ठरलेला हवा.

जाहिरातीत एखादा भाग ठळक दाखवला असेल तर तो काम करतो की नुसता दिसतो, हे विचारा. नाइकीच्या सोलमध्ये हवेची पिशवी १९७० च्या दशकाच्या शेवटापासून होती. १९८७ च्या एअर मॅक्सने सोलला खिडकी पाडून ती दाखवली. खिडकीमुळे बूट विकला गेला; पायाला आराम पिशवी आणि भोवतालचा फोम देतो. स्वस्त जोडांत नुसती प्लॅस्टिकची खिडकी चिकटवलेली असते. अंगठ्याने दाबा: दगडासारखी लागली तर ती शोभेची.

शरीराला फायदा सांगणाऱ्या जाहिरातीवर सर्वांत जास्त संशय घ्या. चालता चालता स्नायू घट्ट होतात, वजन उतरतं, अशा दाव्यांवरून अमेरिकेत रीबॉकला २०११ मध्ये अडीच कोटी डॉलर आणि स्केचर्सला २०१२ मध्ये चार कोटी डॉलर मोजून प्रकरण मिटवावं लागलं. आपल्याकडे २०२१ पासून जाहिरात मानक परिषदेच्या नियमांनुसार पैसे घेऊन केलेल्या रीलवर तसं स्पष्ट लिहावं लागतं. ती सूचना शोधा, बहुधा कोपऱ्यात बारीक असते.

आता पाय मोजा. संध्याकाळी, कारण दिवसभर चालून पाय थोडा फुगतो. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहा, सर्वांत लांब बोटापुढे पेन्सिल सरळ उभी धरून खूण करा, दोन्ही पायांची. भिंतीपासून खुणेपर्यंतचा मोठा आकडा तुमचा. "मी आठ नंबर घालतो" एवढ्यावर भागत नाही: पुरुषांच्या बुटांत नाइकीचा यूके ८ म्हणजे २७ सेंटिमीटर, आदिदासचा यूके ८ म्हणजे २६.५. बुटाच्या जिभेच्या (नाड्यांखालच्या पट्टीच्या) आतल्या लेबलवर सेंटिमीटर छापलेले असतात, तेच वाचा. शिवाय यूके आणि यूएस यांत गल्लत केली की जोड अर्ध्या ते एक नंबरने चुकतो.

दुकानात पहिलं काम म्हणजे आतली गादी बाहेर काढणं. निघत असेल तर तिच्यावर उभं राहा. बोटांपुढे १० ते १२ मिलिमीटर जागा उरली पाहिजे. गादी काढल्यावर आत बघा: कडेने सलग शिलाई दिसावी, सुटे दोरे किंवा गोंदाचे गोळे नकोत.

मग जोड हातात घ्या. टाचेचा कप दोन बोटांत चिमटा; तो पटकन आत गेला तर टाच सैल होणार आणि बूट लवकर वाकडा होणार. पुढून-मागून धरून वाकवा. बोटं जिथे वळतात तिथेच बूट वळायला हवा; मधोमध, कमानीखाली दुमडला तर दिवसभर चालल्यावर तळवा दुखेल. अपर (बुटाचा वरचा भाग) आणि सोल यांच्या सांध्यावर नख फिरवा. गोंदाचा पुसट डाग चालेल, नख आत शिरेल अशी फट नको; पहिल्या पावसात पाणी तिथूनच जातं.

घालून बघताना नाड्या पूर्ण बांधा. १९८० च्या दशकात रन-डीएमसी या अमेरिकन रॅप गटाने आदिदास सुपरस्टार बिननाड्यांचे घालून दाखवले आणि ती चाल जगभर गेली. स्टेजवर ठीक, पण टाच उचलते की नाही हे सैल बुटात कळतच नाही. आणि सुपरस्टार, कन्व्हर्स ऑल स्टार, जॉर्डन १ हे मुळात बास्केटबॉलच्या लाकडी मैदानाचे बूट. आज फिरायला छान, पण रोज सकाळी पाच किलोमीटर धावायचं असेल तर धावण्याचाच बूट घ्या.

सेलमध्ये स्वस्त दिसला तर खोका उलटून उत्पादनाचा महिना-वर्ष बघा. काही स्नीकरांच्या मिडसोलमध्ये (सोलच्या मधल्या थरात) पीयू नावाचा फोम असतो. हवेतल्या दमटपणामुळे तो आतून तुटत जातो, बूट खोक्यात असला तरी. म्हणून पाच-सात वर्षं कपाटात जपलेला कोरा जोड पहिल्याच फेरीत भुगा होऊन पायाखाली गळतो. सोलच्या कडेवर अंगठा रोवा. बारीक चिरा उमटल्या किंवा पीठ हाताला लागलं तर कितीही सूट असली तरी परत ठेवा. ईव्हीए नावाच्या दुसऱ्या फोमचा असा भुगा होत नाही, तो वापराने चपटा होतो.

"फर्स्ट कॉपी" म्हणजे हुबेहूब नक्कल ओळखायची तर खोक्यावरचा स्टाइल कोड (मॉडेल आणि रंगाचा क्रमांक) आणि जिभेच्या आतला कोड जुळवा, मग तो फोनवर शोधा. दुसऱ्याच रंगाचं किंवा मॉडेलचं चित्र आलं तर विषय संपला. उलट कोड जुळला म्हणजे अस्सल, असंही नाही. कोडही छापता येतो. गोंदाचा उग्र वास, डाव्या-उजव्या बुटाची कमी-जास्त उंची आणि खोक्यावर आयातदाराचा पत्ता नसणं, हे एकत्र आले की दुकान सोडा.

पांढरा जोड घेऊन रंगपंचमीच्या गेरमध्ये (रंग उडवत निघणाऱ्या मिरवणुकीत) जाऊ नका. गेलातच, तर घरी येऊन आधी पाणी लावू नका. ओला रंग कापडात खोल पसरतो. बूट पूर्ण सुकू द्या, कोरड्या ब्रशने भुकटी झाडा, मग कोमट पाण्यात सौम्य साबण. वाळवायला सावली आणि आत साधा पांढरा कागद; वर्तमानपत्राची शाई पांढऱ्या अस्तराला लागते, आणि उन्हात सोल पिवळा पडतो.

घरी आणल्यावर दोन दिवस फरशीवरच घालून चाला. सोल रस्त्यावर घासला की बदलून मिळणं अवघड. तोवर खोका, लेबल आणि पक्कं बिल जपून ठेवा. जोडात खोट निघाली आणि दुकानदार ऐकेना तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करताना हेच तीन कामी येतात.